दाब, धर, सोड

मी हेलेद. आठवडाभर अँगल्सी बेटावर घरोघरी हिंडून
म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजते,
आणि महिन्यातल्या एका शनिवारी ट्रॅकवर जाऊन
स्वतःचा वाढवते.

मे महिन्यात समुद्राकडे उतरणाऱ्या वळणाआधी
बुटाखालचं पेडल मऊ पडलं,
चुलीशेजारी विसरलेल्या लोण्यासारखं,
आणि तळाला गेलं.
गाडी धावतच राहिली. तिला काय.
खडीच्या पट्ट्यात रुतले
तेव्हाही इंजिन खुशीत होतं.

टेग्विनने बाटलीत थोडं तेल काढून उजेडात धरलं.
तीस वर्षं होलीहेडच्या फेरीबोटींची इंजिनं राखलेला माणूस,
बोलतो मोजकं. म्हणाला,
"सात हिवाळे पाणी प्यायलंय हे.
तापलं, उकळलं, वाफ झाली.
वाफेवर पाय देऊन कोण थांबलंय?"

टर्बोसाठी साठवलेले पैसे होते.
त्याने माझ्याच यादीतला तो आकडा
माझ्याच पेन्सिलीने खोडला.
मग रेक्सहॅमच्या भंगारातून मोठे कॅलिपर आले,
हवा खेळणाऱ्या जाड डिस्क,
पोलादी जाळीत गुंफलेल्या नळ्या,
पॅड असे, की तापल्याशिवाय मनावर घेत नाहीत.
जुनं चाक चढेना, कॅलिपरला नखभर घासायचं.
घ्या, चाकंही नवी.

राहिलं होतं नळ्यांतली हवा काढणं.
त्याला दोघं लागतात: एक चाकाशी, एक पेडलवर.
तेल ओतायला मी वर उभी, म्हणजे तिसरा हवा.
फाटकाशी इथेल उभा होता.
टेग्विनचा भाऊ. आईचं शेत विकल्यापासून
सहा वर्षं दोघांत शब्द नाही;
एकाच रस्त्यावर राहतात, मेंढ्यासुद्धा एकमेकींना ओळखतात.
माझं पत्र टाकायला आला होता, चुकून त्याच्याकडे गेलेलं.
मी म्हटलं, "पाच मिनिटं बसतोस आत?"
बसला. माझ्यासाठी, असं तोंड करून.

मागचं डावं चाक, सगळ्यात लांबचं, आधी.
"दाब."
"दाबलं."
"धर."
"धरलंय."
पाना फिरला, पारदर्शक नळीतून
काळपट तेल आणि बुडबुड्यांची माळ.
"सोड."

पुन्हा दाब. पुन्हा धर.
एक जमिनीवर आडवा, एक सीटवर ताठ,
मध्ये सगळी गाडी.
वरून कुठलंसं लष्करी विमान गेलं,
एक "धरलंय" त्यात बुडालं,
तर टेग्विनने विचारलं, "काय?"
आणि इथेलने परत सांगितलं.

शेवटच्या चाकाशी तेल मधासारखं स्वच्छ आलं.
मला वरून दिसत होतं, बुडबुडा एकही नव्हता.
टेग्विनलाही दिसत असणार.
तरी म्हणाला, "दाब."
इथेलने दाबलं.
तीनदा आणखी. महागाचं तेल होतं.
मी ओतत राहिले.

चहाला इथेल थांबला नाही.

नवे पॅड डिस्कवर बसवायला
संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर निघाले.
साठ मैलांवरून दहावर, दहावरून परत साठ,
आठ वेळा, दगडी बांधांमधून,
जळक्या वासाचा शेपूट मागे लावून.
टेग्विनने निघताना खिडकीत वाकून बजावलं होतं:
"पूर्ण थांबू नकोस. तापलेल्या डिस्कवर
पाय दाबून उभी राहिलीस, तर ठसा उमटतो,
मग दर वेळी तिथेच धडधडतं.
नुसती चालव. वारा लागू दे.
थांबायचं ते नंतर."
सांगताना बघत मात्र होता
रस्त्यापलीकडच्या फाटकाकडे.

जूनमध्ये त्याच वळणावर पेडल दगडासारखं उभं राहिलं.
समुद्र जिथल्या तिथे.

रोजच्या रस्त्यावर मात्र हे थंड पॅड किंचाळतात.
पेशंटची कुत्री भुंकतात, मला लाज वाटते.
बदलू का, म्हणून विचारलं,
तर इथेल बांधावरून म्हणाला, "राहू दे.
तू आलीस की कळतं आम्हाला."

आम्हाला, म्हणाला.
मी काही बोलले नाही. गिअर टाकला.